दोन दारांच्या मधे

सकाळी साडेसहाला मी कुलूप काढते.
डुलुथमध्ये तेव्हा रात्रच असते अजून,
सरोवरावरून आलेला वारा रिकाम्या पार्किंगमध्ये
गाडी कुठे लावली ते विसरल्यासारखा हिंडतो.
काउंटरवर फॉर्म, दोरीला बांधलेलं पेन, बिस्किटांची बरणी.
मागच्या भिंतीवर नियम, एकोणीस.
तेरावा माझा आहे.

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी आणि त्यांचे कागद.
खोकल्याची लस दर सहा महिन्यांनी.
शी तपासल्याचा रिपोर्ट.
जुलाब, गळणारं नाक, चिकट डोळे : घरी ठेवा.
खेळणी घरून आणू नका, त्यावरून जीव जातील.
काट्यांचा पट्टा चालणार नाही.
पहिल्या दिवशी स्वभावाची परीक्षा.
ती मी घेते, म्हणजे फरशीवर मांडी घालून बसते
आणि कुत्र्याकडे अजिबात बघत नाही.
थोड्या वेळाने ओलं नाक कोपराला लागतं.
झाली पास.
काचेपलीकडे मालकांचे चेहरे मात्र
दहावीच्या निकालाचे.

बार्शीला आमच्या गल्लीत कुत्र्यांसाठी एकच नियम होता,
दगड.
धाकट्या मुकुंदला चावलं तेव्हा
बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक,
सरकारी दवाखान्याच्या त्या हिरव्या बाकावर.
मी त्याचे पाय धरायचे.
नवव्या दिवशी रडायचं थांबून तो म्हणाला,
"आधी कुत्र्यालाच का नाही दिलं?"
कंपाउंडरसुद्धा हसला.
भिंतीवरचा पहिला नियम वाचताना
मला अजून त्याचाच आवाज ऐकू येतो,
सात वर्षांचा, नाक ओढत.

आज हाल्वर्सन आले, टिल्डाला घेऊन.
ती तेरा वर्षांची, मागचे पाय जरा उशिरा येतात.
कागद पाहिला. मुदत परवा संपलेली.
"दोनच दिवस," ते म्हणाले.
मग, "चावायला दात तरी आहेत का तिला?"
मग काहीच नाही. घड्याळाकडे बघितलं.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेसातला डायलिसिस.

तेरावा नियम : कागद नसल्यास आग्रह करू नये.
आग्रह जेवणाच्या पानावर करावा, दारात नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वी मी एकीचं ऐकलं होतं,
कागद उद्या आणते म्हणाली.
पिल्लू गोड होतं, जवससारखे डोळे.
आठवड्याभरात तीन गेली.
त्यांची नावं भिंतीवर नाहीत,
फक्त तेरा हा आकडा आहे.

"नाही," मी म्हणाले.
हाल्वर्सननी मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं.

आमच्याकडे दारं दोन आहेत.
बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नाही,
मधे पायपुसण्याएवढी जागा.
आत घेऊ नये असं नियमात आहे.
मधल्या जागेबद्दल एकोणीसांपैकी एकही बोलत नाही.
बाकी सगळ्यांना मागच्या दाराने यायला सांगितलं,
माझा कोट पसरला. टिल्डा त्यावर तीनदा फिरली
आणि धप्पकन बसली.

आठला समोरचा दवाखाना उघडला.
मालकाच्या सहीची चिठ्ठी घेऊन तिला रस्ता ओलांडून नेलं.
तिथल्या फॉर्मवर रकाना होता, कुत्र्याशी नातं.
मी लिहिलं, दारावरची.
सुई टोचली तेव्हा पाय धरले,
ती जुनी सवय.
लसीनंतरही दोन दिवस आत नाही, नियम सातवा,
म्हणून दिवसभर पुन्हा तिथेच,
काचेतून बर्फ बघत,
एका कानाने आतला गोंधळ ऐकत.

दुपारी हाल्वर्सन परतले,
दंडावर पांढरी पट्टी, चेहरा धुतल्या कपड्यासारखा.
पैसे किती, विचारलं.
मी म्हटलं, आत आलीच नाही, मग कशाचे?

कोट अजून झाडलेला नाही.