रातपाळीची गोळी

अक्कलकोट रोडचा कारखाना. पहाटेचे चार.
माग चालूच होता,
हात माझे थांबले.
चादरीवरच्या एका मोराचे दोन झाले,
बनियन घामानं चिंब.
गोळी घेतली होती की वेळेवर!
भाकरी तेवढी डब्यात राहिली.
इराण्णानं तळहातावर साखर ओतली, चाट म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवता कधी?
रातपाळीचं मी सांगितलंच नव्हतं.

भूदेवी गप्प. विड्यांचं सूप सारून
गोळ्यांचं पाकीट तिनं भाकरीच्या फडक्यात बांधलं,
वर विडीचा दोरा.
"आधी भाकरी दिसू दे, मग गोळी.
चुकली तर चुकली, उद्या दोन नाही."

आता मध्यरात्री दोरा सोडतो.
शेंगाचटणीचा घास,
मग ती इवलीशी.
खिशात खडीसाखर खुळखुळते,
धोट्याच्या तालात नाही,
आपल्याच.