सत्तेचाळिसावी ओळ

पुएर्तो माँतच्या मासळी कारखान्यात रात्रपाळी सुटते
तेव्हा खाडीवर उजाडलेलं नसतं.
बायका रबरी बूट धुतात, हातमोजे उलटे करून टांगतात,
आणि मी कॉफीच्या खोलीच्या दारात उभी,
बत्तीस प्रश्नांचे कागद छातीशी धरून,
बारशाला रिकाम्या हाताने आल्यासारखी.

एम.ए.चं दुसरं वर्ष. विषय : कामाच्या जागचा मानसिक थकवा.
त्याची व्याख्या चार ओळींची आहे.
मला तोंडपाठ आहे.

दोन्या एदेल्मिरा बार्रिया,
सॅमनचे काटे चिमट्याने उपसायच्या टेबलावर एकोणीस वर्षं.
पाळी सुटून दहा मिनिटं झाली
तरी तिची दोन बोटं चिमट्यासारखी मिटलेली.
पेन धरता येईना.
मी म्हटलं, वाचून दाखवू?
म्हणाली, वाच. पण भरभर, माझी बस आहे.

'काम संपल्यावर आतून रिकामं झाल्यासारखं वाटतं का?
एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी.'
तीन, ती म्हणाली.
वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का?
तीन.
झोप?
तीन.
तुमच्या कामाला काही अर्थ आहे, असं वाटतं?

इथे ती थांबली.
काचेपलीकडे चैतेनला जाणारी फेरीबोट
दिवे लावून धक्क्यापासून सुटत होती.
अर्थ, ती म्हणाली.
मग जरा वेळाने : तीनच लिही, पोरी.

मी हलक्या आवाजात समजावलं,
तीन म्हणजे ना होय, ना नाही.
ती म्हणाली, ठाऊक आहे मला.
आणि नुसत्या भुवईने माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.
तिथे मुकादम भिंतीला टेकून उभा होता.
त्याच्या कपातून केव्हाच वाफ येईनाशी झाली होती.

वाल्दिव्हियात, विद्यापीठाच्या उबदार खोलीत
प्राध्यापक रेट्टिग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले,
ही सत्तेचाळिसावी ओळ काढ.
बत्तीसच्या बत्तीस उत्तरं सारखी.
अशी माणसं प्रश्न वाचतच नाहीत.

सर, प्रश्न मी वाचले होते.
हे मी मनात म्हटलं.
मोठ्याने म्हटलं, हो सर.

एक कळ दाबली. ओळ गेली.
अठ्ठेचाळिसावी वर सरकून तिच्या जागी बसली,
बाकावर कुणी उठलं की शेजारचं सरकतं तशी.
सरासरी तिसऱ्या दशांशावर किंचित हलली
आणि पुन्हा झोपली.

त्या रात्री आईला फोन केला.
ती कास्त्रोला, लोकरीचे मोजे विणते, गुडघे दुखतात.
कशी आहेस?
आहे, चाललंय.
ढोसकून विचारलं, म्हणजे कशी?
म्हणजे चाललंय गं.
मी वहीच्या कोपऱ्यात न कळत लिहिलं : ३
आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.
दोन पोटं, पाठ वाकलेली.

असं कितीजणींचं काढलं असेल आजवर,
कुठकुठल्या तक्त्यांतून,
ज्यांना एक म्हणायची लाज वाटली आणि पाच म्हणायची भीती?
तिन्हीसांजेला कुणी दिवस म्हणत नाही, रात्रही नाही,
पण दिवा लावायची वेळ तीच असते.
(हे वाक्य प्रबंधात घेतलं होतं. रेट्टिग सरांनी खोडलं. बरोबरच आहे.)

कागद मात्र मी टाकलेला नाही.
एकोणिसाव्या प्रश्नावर एक खवला चिकटलाय, वाळून काचेसारखा.
नखाने निघत नाही.
त्यातून खालची अक्षरं थोडी मोठी दिसतात.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाईंनी विचारलं,
कागद वाटले दोनशे बारा, परत आले दोनशे बारा,
तक्त्यात दोनशे अकरा. एक का वगळला?

रेट्टिग सर माझ्याकडे बघत होते.
कारण मला पाठ होतं, पद्धतीच्या प्रकरणात छापलेलंही होतं.

एकीची बस सुटत होती, मी म्हटलं.