सैल

मुखवट्यात आज बोट शिरलं.
पहिल्या दिवशी गरम जाळी चेहऱ्यावर ओढली
तेव्हा श्वासही बेतून घ्यावा लागला होता.

हेतल रोज आधी फोटो काढते, मग किरण.
"हालशो नहीं, निकुंभकाका."
आज फोटो झाला, आणि यंत्र गप्पच.
काचेपलीकडे दोन माना एकीवर एक ठेवलेल्या:
महिन्यापूर्वीची माझी, नि ही.

डॉक्टर म्हणाले, गाठ आटलीय, छान.
पण तुम्हीही आटलात.
लाळेची ग्रंथी आत सरकून
किरणांच्या वाटेत येऊन बसलीय.
थांबू. नवं माप घेऊ.

दांडिया बाजारात चाळीस वर्षं
लग्नाचे कोट शिवले मी.
आजारातून उठलेलं गिऱ्हाईक जुनंच माप सांगायचं,
मी टेप काढायचो, ते चिडायचं.
किती सैल झालं म्हणजे उसवायचं
हे माझ्या हाताला कळतं.
हेतलला कशावरून कळतं, विचारायचं होतं;
घसा बोलू देत नाही.

सूरसागरापाशी रिक्षा अडकली.
कॉलरमध्ये बोटं घालून पाहिली.
चार.
दोनाच्या वर गेली
की मी कात्री घ्यायचो.