प्रागु.सी

पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी
हापसालूच्या बंदर-कचेरीतलं बिल्ड-यंत्र
एकच ओळ लिहून थांबलं:
प्रागु.सी सापडत नाही. पुढे जाता येत नाही.

प्रागु म्हणजे इथल्या भाषेत भेग.
गोठलेल्या समुद्रावरचीही.
हिवाळ्यात बेटाकडे जाणारा रस्ता बर्फावरून जातो,
तो कधी उघडायचा, कधी मिटायचा
हे आमचा प्रोग्राम सांगतो,
आणि त्यातला भेगांचा हिशेब या फाइलीत.
असायला हवा.

काल मी डिस्क पुसली होती. जागा उरली नव्हती म्हणून.
कोरी पाटी, सगळं पहिल्यापासून.
तेव्हा कळलं की अकरा वर्षं
यंत्राने मूळ फाइल वाचलेलीच नाही.
कोपऱ्यात पडलेला तिचा एक जुना, तयार तुकडा
ते दर रात्री जोडून घेत होतं
आणि दर सकाळी हिरवा दिवा.
जातं कुठे आहे हे न विचारता
आम्ही आयतं पीठ मळत होतो.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात.
यंत्राला ही म्हण कुणी शिकवलेली नाही.

मी विर्वेला म्हटलं,
त्या नावाची रिकामी फाइल टाकू.
फंक्शनचं नाव, दोन महिरपी कंस, उत्तर शून्य.
नऊच्या आत दिवा हिरवा. मग सावकाश शोधू.
कोटाची बटणं काढता काढता तिने विचारलं,
"शून्य म्हणजे काय?"
म्हणजे काही नाही.
"काही नाही म्हणजे किती भेगा?"

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी
एकदा गेली, परत आली.
उणे एकोणीस.

तिने यंत्राच्या नियमांत भर घातली:
जुने तुकडे आधी फेकावेत.
मूळ नसेल तर थांबावं,
आणि काय नाही ते नाव घेऊन सांगावं.
मग फाटकावर फोन केला, रस्ता उघडू नका,
आणि दूधगाडीवाल्याच्या शिव्या
कॉफी थंड होईपर्यंत ऐकल्या.

ती फाइल हेल्दुर वाइकसारची.
सहा वर्षांपूर्वी निवृत्त, आता वोर्म्सी बेटावर,
म्हणजे त्याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला.
"दिली नव्हती का मी?" तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ
फक्त दार ओढल्याचा, लाकडं सरकवल्याचा आवाज.
जुना संगणक सौनाच्या खोलीत होता,
वाफेने आतून गंजलेला. सुरू झाला नाही.
वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, पेन्सिलीने लिहिलेली.

तो वाचत गेला, विर्वे टाइप करत गेली.
अर्धविराम कुठे, कंस कुठे मिटतो,
मधेच तो मांजरावर ओरडला
आणि मांजराचं नावही हिशेबात गेलं,
ते नंतर खोडलं.
एक्केचाळिसाव्या ओळीवर तो अडला.
"इथे मी दोन वजा केलेत."
का?
"आठवत नाही."
पान उलटल्याचा आवाज. परत उलटल्याचा.
"पण उगाच नसतील केले."

दुपारी दीडला दिवा हिरवा झाला
आणि रस्ता बंदच राहिला.
तिसऱ्या किलोमीटरवर, प्रोग्रामने सांगितलं, प्रागु.
मी तो आकडा दोनदा चालवून पाहिला,
एकदा वजा दोनसकट, एकदा सोडून.
विर्वेला दाखवला नाही.

ती फाइल भांडारात टाकत होती,
आणि एक्केचाळिसाव्या ओळीशेजारी लिहीत होती:
वजा दोन. कारण हेल्दुरला ठाऊक होतं.