लोकर, निळी

तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर पुन्हा रुसलाय.
त्याचा पत्ता रात्रीतून कुणीतरी बळकावला.
मी पत्ता पक्का करतो, वहीत लिहितो:
‘केबल नव्हे. माणूसही नव्हे.’
ही वही म्हणजे माझी पोथी,
निम्मी पेन्सिलीत.

बाहेर ओउलू, उणे सत्तावीस.
कॉफीच्या यंत्रापाशी सिर्कू सांगते,
नव्या फोनला म्हणे एकही भोक नसणार,
बटणं नाहीत, चार्जिंग हवेतून.
तिच्या मेहुण्यानं साचा पाहिलाय.
गेल्या वर्षी याच मेहुण्यानं
पारदर्शक फोन पाहिला होता.
बाजारात तुरी म्हणावं,
तर इथं शेतसुद्धा नांगरलेलं नाही.
मी हसतो.
आणि खरं सांगू?
घरी रात्री दीडपर्यंत
त्या न जन्मलेल्या फोनच्या कडा
मोठ्या करकरून बघतो.

दुपारी सफाईवाली आउने आली.
‘मेला. दुकानदार म्हणतो, नवा घ्या.’
दिव्याखाली धरला.
टूथपिकनं भोक कोरलं, हळूच,
कान कोरावा तसं.
निघाला लोकरीचा बोळा,
निळा, तिच्याच हातमोज्यांचा,
सहा हिवाळ्यांचा दाबून बसलेला.
वायर लावली. पाच मिनिटं काहीच नाही.
मग थरथर:
अकरा मिस्ड कॉल, सगळे एकाच नंबरावरून.

ती भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली.
मी उगाच केबली गुंडाळल्या,
गुंडाळलेल्या पुन्हा सोडल्या.
वहीत नोंद: ‘लोकर. निळी.’
पुढचा रकाना, ‘उपाय’,
तसाच कोरा ठेवला,
कारण तिसरा मजला पुन्हा फोन करत होता.