पाच नंबर

कॉफीचा जुना डबा, झाकणावर वडिलांच्या अक्षरात: पाच नंबर.
उचलायला गेलं की हात अजून फसतो.
एवढ्याशा डब्यात एवढं शिसं.

लिम्फ्योर्डच्या काठी तेव्हा सगळेच शिसं भरत.
रविवारी जेवणं झाली की एगिल थॉगर्सन, माझे वडील,
टेबलावर वर्तमानपत्र पसरत.
रिकामी काडतुसं ओळीनं उभी.
आधी दारू, मग बूच, मग पितळी मापानं छर्रे,
वरून अंगठा फिरवून सपाट.
मापात पाप नाही.

मग एका हिवाळ्यात धक्क्याशी हंस सापडला.
मान पाठीवर टाकलेली,
अंगावर एक जखम नाही.
गुनवोर डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं,
आतले दाणे बशीत टाकले,
टिण्‌, टिण्‌, सात वेळा.
खडे समजून गिळलेले.
आमचेच असतील. आजोबांचेही असतील.
नेम चुकलेला छर्रा कुठे जातो,
हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

कायदा आला.
वडिलांनी पोलाद आणलं, त्याच मापात ओतलं
आणि तराजूपुढे बसून राहिले.
माप शिगोशीग, पारडं वर.
पोलाद हलकं?
मी दहा वर्षांची. मला ती थट्टा वाटली.
त्यांनी एक एक दाणा परत पिशवीत घातला.
"एकाच्या जागी दुसरं नुसतं ओतता येत नाही, मारेन.
दारू वेगळी, बूच वेगळं, सगळं पहिल्यापासून.
आणि आजोबांच्या दुनळीला हे सोसायचं नाही."

त्याच वर्षी इंगेलिसे आमच्याकडे राहायला आली.
पहिल्या सकाळी तिनं आईच्या कपातून कॉफी घेतली.
कोणी काही बोललं नाही.
दुसऱ्या सकाळी तिनं आपला कप काढला,
निळा, कान तुटलेला,
आणि आईचा धुऊन
खिडकीत उपडा ठेवला.

दुनळीसाठी शेवटी बिस्मथ आलं,
महाग, ठिसूळ, गुलाबी झाक असलेलं.
वडील चश्मा लावून छापील तक्ता वाचत,
ओळीखाली बोट धरून, बिगरीतल्या पोरासारखे.
पितळी माप खिळ्याला टांगलं ते कायमचं.

आता ते नाहीत. इंगेलिसे आहे.
भंगारवाला शिसं घेतो म्हणे, किलोवर.
ती दर शनिवारी आठवण करते,
मी हो म्हणते.
पाण्यात तर टाकता येत नाही.
डबा अजून तिथेच आहे.