ओंबील

सासूबाई पान उजेडात धरतात.
नागअळीनं आत चांदीची वाट कोरलीय.
"ही बघ, वाटेच्या टोकाला. जागी आहे."

तीन वेळा फवारलं मी.
आधी मेले ओंबील.
मग आले हिरवे ढेकूण,
पपनसात सोंड खुपसून दुपारभर निवांत.
आठवडाभर जेवताना त्या भाताशीच बोलत होत्या.

आज मेकाँगच्या कालव्यातून होडी वल्हवत
खेनकाकाच्या बागेतून आणलंय पोतं:
पानं शिवून केलेलं घरटं, आत कुजबुज.
झाडाझाडांत दोरी बांधली,
माशाची आतडी टांगली, पहिल्या दिवसाचा शिधा.

पोत्याचं तोंड सोडताच
पहिला चावा माझ्या मनगटाला.
"ओळखलं हं तुला," त्या म्हणाल्या,
आणि दुसरं पोतं
माझ्याच हातात दिलं.